मामांनी ओढलेली सावली

पत्रक वाचलं की माणूस हलतो, अशी माझी ठाम समजूत होती. बी.ए. होईपर्यंत ती टिकली. रहिमतपुरात आमच्या संघटनेची एक खोली होती, खोलीत सायक्लोस्टाइलचं मशीन होतं आणि त्या मशीनची शाई माझ्या नखांतून कधी निघालीच नाही. 'जाहीर निषेध', 'जाब विचारा', 'आता तरी जागे व्हा' हे मला झोपेतून उठवून लिहायला सांगितलं असतं तरी मी लिहिलं असतं, तेही एका ओळीत बसवून.

त्या वर्षी विषय होता गाडीचा. आमचं गाव रहिमतपूरपासून आत, उसाच्या रानांपलीकडे. रस्ता डांबरी. त्यावरून ट्रॅक्टर जायचे, उसाच्या ट्रॉल्या जायच्या, निवडणूक आली की जीपगाड्यांची रांग जायची. एस.टी.ची लाल गाडी तेवढी येत नव्हती. गावातली शाळा दहावीला संपायची. पुढं शिकायचं तर रहिमतपूर, म्हणजे तासाभराची पायपीट, आणि हिवाळ्यात येताना अंधार. मुलगे सायकलवर जायचे. मुली घरी बसायच्या. मी शिकले ती आजोळी राहून. पण प्रत्येकीचं आजोळ काही कॉलेजच्या शेजारी नसतं.

माझ्या आतेबहिणीचं नव्हतं. ती त्या वर्षी दहावीला होती. गणितात पक्की आणि तोंडानं माझ्याहून फटकळ. तिचे वडील लष्करातून रिटायर होऊन आलेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी एका वाक्यात निकाल दिला होता.

"गाडी आली तर पोरगी अकरावीला जाईल. न्हाई आली तर मी तिला उसातनं चालत येऊ देनार न्हाई."

"मग काय, लगीन लावून देणार?" मी विचारलं.

"लगीन म्हणलं का मी? घरी बसंल. तू काढ की पत्रक माझ्यावर."

मी काढलं नाही. दोन्ही बाजूंनी डोक्यावरून गेलेला ऊस आणि मध्ये एकटी मुलगी, याची बापाला भीती वाटली तर तो त्याचा गुन्हा होत नाही. गुन्हा असतो तो रस्ता असून गाडी नसण्यात. म्हणून मी डेपोत निवेदन दिलं. तिथले साहेब सभ्य होते, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "मॅडम, त्या रूटवर प्रवासीच नाहीत." गाडी नाही म्हणून कोणी थांब्यावर उभं राहत नाही, आणि कोणी उभं राहत नाही म्हणून गाडी नाही. हे मी त्यांना तीन प्रकारे समजावून सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली.

मग पत्रक काढलं. पाठपोट, बारीक अक्षरात, समासात एक मुंगी शिरणार नाही इतकं भरलेलं. बाजारात वाटलं. तासाभरानं भजी घेतली तर ती माझ्याच पत्रकात बांधून आली. 'निषेध' या शब्दावर तेल उतरून तो आरपार दिसत होता.

त्याच आठवड्यात वस्तीत एका लग्नाची कॅसेट आली. टीव्ही ओट्यावर मांडला आणि झाडून सगळी वस्ती समोर बसली. दोन तास. नवरा गुलाबातून बाहेर येतोय, नवरी बदामाच्या आकारात फिरतेय, मध्येच दोघं काश्मीरच्या बर्फात उभे. ज्यांनी आयुष्यात महाबळेश्वर पाहिलं नव्हतं ते. ताटं वाढणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायका दोन तासांत एकदाही दिसल्या नाहीत. मला संताप आला. पण दुसराही एक विचार आला, आणि तो जास्त टोचला. माझं दोन मिनिटांचं पत्रक हे लोक वाचत नाहीत, आणि या बदामाकडं दोन तास पापणी न हलवता बघतात. मग बदामात काहीतरी आहे जे मला येत नाही. ते शिकलं पाहिजे.

मावशी सांगलीला होती. पॅसेंजरनं सरळ तिच्याकडं गेले.

गणपती पेठेजवळच्या एका बोळात लग्नाच्या कॅसेटी मिक्स करणारा स्टुडिओ होता. जिना इतका अरुंद की जाड माणूस चढत असला तर तो वर पोचेपर्यंत दुसऱ्यानं बोळात थांबावं. स्टुडिओवाले काका स्वतः तसेच जाड होते, त्यामुळं ते सकाळी वर जायचे ते संध्याकाळीच उतरायचे. मी म्हणाले, मला मिक्सिंग शिकायचंय.

"मुली फोटो काढून घ्यायला येतात."

"मी आलेय शिकायला."

"इथं चहासुद्धा उभ्यानं प्यावा लागतो."

"मी मोर्चात पोलिसांसमोर उभी राहते. चहाचं काय."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "अक्षर कसं आहे?"

मी पिशवीतून पत्रक काढून दिलं. ते त्यांनी वाचलं नाही. नुसतं हातभर लांब धरून पाहिलं. म्हणाले, "वळण चांगलं आहे. शब्द फार आहेत. उद्यापासून या."

अक्षर त्यांना टायटलसाठी हवं होतं. काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर कलरनं नावं लिहायची, त्यावर कॅमेरा धरायचा आणि मिक्सरचं एक बटण दाबायचं. काळं सगळं गळून जातं आणि पांढरी अक्षरं लग्नमंडपावर तरंगायला लागतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी स्वतः लिहिलेलं 'शुभविवाह' मांडवावर झळकताना बघून मला वाईट वाटण्याइतका आनंद झाला. इतकी पत्रकं काढली, पण माझं अक्षर असं उजेडात कधी उभं राहिलं नव्हतं.

कोपऱ्यात कॉम्प्युटर होता. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर हार. त्यावर अक्षरं हालवता यायची. अक्षर सुरुवातीला कुठं आहे ते ठरवायचं, शेवटी कुठं जाणार ते ठरवायचं, मधली वाट मशीन काढतं. आणि ती काढायला इतका वेळ घेतं की आपण खाली जाऊन भडंग खाऊन यावं. परत येईपर्यंत वीज गेलेली असायची. मग पुन्हा पहिल्यापासून. मी पहिलं काम दाखवलं तेव्हा काकांनी कपाळाला हात लावला. मी एका चौकटीत सात ओळी घातल्या होत्या आणि प्रत्येक ओळ वेगळ्या बाजूनं येत होती.

"हे काय आहे?"

"मागण्या."

"बाई, हे पत्रक नाही. पत्रक माणूस हातात धरतो, खिशात घालतो, नंतर वाचतो. हे निघून जातं. एक शब्द आण. तो उभा राहू दे. माणसानं वाचला की ने."

"आणि बाकीच्या सहा ओळी?"

"त्या चित्रात दिसल्या पाहिजेत."

मी भांडले. जनतेला कमी समजू नका, वगैरे. पण घरी जाताना बसस्टँडवरचे सगळे बोर्ड वाचत गेले आणि मला कळलं की मी स्वतःसुद्धा प्रत्येक बोर्डाचा पहिलाच शब्द वाचते.

मग आला क्रोमा. ज्यासाठी मी मनातल्या मनात आले होते तो. त्या काश्मीरच्या बर्फाचं रहस्य एवढंच होतं की नवरानवरीला निळ्या कापडासमोर उभं करायचं. मिक्सरला सांगायचं, निळं दिसेल तिथं भोक पाड. त्या भोकातून दुसऱ्या कॅसेटवरचं चित्र दिसतं. काश्मीर घाला, ताजमहाल घाला, काहीही. मी बटणं फिरवत बसले. काकांच्या भाच्याला जोगच्या धबधब्यात उभं केलं. मावशीच्या मांजराला विधानसभेच्या पायऱ्यांवर बसवलं. आणि एका दुपारी, हातातला कप तसाच धरून, मला आमचा रस्ता दिसला आणि त्यावरून येणारी गाडी दिसली. जी गाडी येत नाही ती मी आणू शकत होते.

परीक्षा झाल्यावर आतेबहीण मोकळीच होती. तिला सगळं सांगितलं. पाच मिनिटांची फिल्म करू. शाळा, मुली, रस्ता आणि शेवटी गाडी. रहिमतपूरच्या केबलवाल्यानं संध्याकाळच्या सिनेमाआधी लावायचं कबूल केलं होतं, कारण त्याला तसंही साडीच्या दुकानाच्या जाहिरातीशिवाय दाखवायला काही नव्हतं.

"आणि गाडी न्हाई आली तर?" तिनं विचारलं.

"येईल."

"तुझ्या पत्रकातबी तू 'येईल'च लिवतीस."

काकांनी जुना कॅमेरा द्यायचं मान्य केलं, पण मुहूर्त नसलेल्या दिवशी. इथं घोळ झाला. बौद्ध लग्नांना मुहूर्त लागत नाही, म्हणून मुहूर्त नसलेल्या दिवशी काकांचे सगळे कॅमेरे आमच्याच लोकांच्या लग्नांत असायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या समाजाला मुहूर्त बघायला सांगावं की काय अशा विचारात पडले. शेवटी एक सोमवार सापडला.

निळं कापड विकत आणायची गरजच नव्हती. निळ्या कापडाच्या बाबतीत आमच्या वस्तीइतकी श्रीमंत वस्ती जिल्ह्यात नसेल. जयंतीच्या कमानी, झालरी, बॅनर, सगळं विहारातल्या ट्रंकेत घड्या घालून ठेवलेलं असायचं. ट्रंकेची किल्ली मामांकडं. मी कारण नीट सांगितलं नाही, 'पडदा करायचाय' एवढंच म्हणाले. आत्यानं मशीनवर पट्ट्या जोडून दिल्या आणि शाळेच्या मागच्या भिंतीला आम्ही तो निळा पसारा टांगला. सकाळचं ऊन सपाट पडलं होतं. आठ-दहा मुली गणवेश घालून, रिबिनी बांधून हजर. स्टुलांवर बसल्या. मी कॅमेरा लावला, त्यांनी वह्या उघडल्या, हसू दाबलं, झालं. नंतर वर्गातला नुसता फळा आणि भिंत तेवढी वेगळी घेतली.

दुसऱ्या दिवशी आतेबहिणीला घेऊन सांगलीला गेले. काकांनी दोन्ही कॅसेटी लावल्या. मी बटण दाबलं.

आतेबहीण स्टुलावरून खाली बसली आणि हसायला लागली, ती थांबेचना.

आमच्या शाळेचा गणवेश पांढरा ब्लाउज आणि त्यावर निळा पिनाफोर. फळ्यासमोर मुलींची डोकी होती, खाली पांढऱ्या बाह्या होत्या, आणि मध्ये काही नव्हतं. बाह्या वह्यांची पानं उलटत होत्या. एक डोकं दुसऱ्या डोक्याच्या कानात काहीतरी सांगत होतं. आणि या सगळ्यावर, हवेत, उलटी पांढरी अक्षरं तरंगत होती. जयंतीचा बॅनर आम्ही मागच्या बाजूनं टांगला होता. पुढचा रंग आरपार आला होता. फळ्यावर उलटं 'हार्दिक अभिवादन' लागलं होतं.

काकांनी चष्मा पुसला. "बाई, निळ्यासमोर निळं घालून कोण येतं?"

"आमच्यात सगळेच येतात," मी म्हणाले. आणि मला एकदम राग आला, मिक्सरचा. जगात इतके रंग असताना नाहीसा करायला यांना निळाच कसा सापडला? त्या मशीनविरुद्ध मी तिथल्या तिथं पत्रक काढलं असतं. काका शांतपणे म्हणाले, माणसाच्या कातडीत निळा नसतो, म्हणून. सावळा असो, गोरा असो, कोणाच्याच नसतो. हे कारण मला आवडलं, पण तसं मी दाखवलं नाही.

आतेबहीण डोळे पुसत उठली. पडद्याजवळ जाऊन स्वतःच्या तरंगत्या डोक्याकडं बघत राहिली.

"आक्का, हेच दाखव की."

"हे? लोक हसतील."

"हसू देत. निळ्यानं आमी गायब होतोय न्हवं? मग पुऱ्या गायब कर. एकेकीला. गाडी न्हाई, गेली एक. गाडी न्हाई, गेली दुसरी. वर्ग रिकामा."

काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हिला का नाही आणलं पहिल्यापासून?"

सोपं होतं. मुलींनी शनिवारचा कवायतीचा पांढरा ड्रेस घालायचा. बसायचं. आणि मागून कोणीतरी एकेकीच्या अंगावर निळी चादर टाकायची. चादर पडली की पडद्यावर तिथं नुसता फळा. माझ्या सात ओळींपैकी सहा तिथं दिसणार होत्या.

पण पुन्हा कापड मागायला गेले तोवर मामांच्या कानावर सगळं गेलं होतं. ते ओट्यावर बसले होते, किल्ली मुठीत.

"मशिनीतनं निळा रंग नाहीसा करतीस म्हनं."

"मामा, ते तांत्रिक आहे."

"तांत्रिक का असंना. आमी हा रंग डोक्यावर घेतलाय. मिरवणुकीत भिजलाय, फाटलाय, पर खाली ठेवला न्हाई. आन् तू त्याला भोकं पाडतीस?"

पत्रकात ज्याचं उत्तर तयार असतं असा तो प्रश्न नव्हता. मी मिक्सर समजावायला लागले, दोन कॅसेटी, भोक, मागचं चित्र, आणि जितकं समजावत गेले तितकं ते वाईट वाटायला लागलं. आत्या आतून भाकरी थापता थापता ऐकत होती. ती बाहेर न येताच म्हणाली,

"म्हंजे निळ्यातनं पलीकडचं दिसतंय, असंच न्हवं?"

"तसंच."

"मग चांगलंच हाय की. आवं, द्या किल्ली. आन् ती अक्षरं असलेली नगा देऊ, कोऱ्या झालरी द्या."

मामा उठले, ट्रंक स्वतः उघडली, झालरी स्वतः निवडल्या, आणि बजावलं, "जमिनीवर घासली तर बघ. घडी मी घालनार."

त्या दिवसापासून ते शूटिंगला हजर. कापडाला सुरकुती पडली की क्रोमात डाग येतो, हे एकदा सांगितलं, एवढंच. लष्करी माणूस. परटाकडची कोळशाची इस्त्री आणली आणि टांगलेल्या कापडाला उभ्यानं इस्त्री केली. मुलींना ओळीत बसवलं, चादर टाकणाऱ्या दोघींकडून तालीम करून घेतली. "हातं दिसली न्हाई पायजेत. चादर टाकली का खाली बस. फटाफट." आणि स्वतःच्या मुलीच्या अंगावर चादर पडायची वेळ आली तेव्हा मात्र तोंड फिरवून उसाकडं बघत उभे राहिले. मी ते पाहिलं. कॅमेऱ्यात घेतलं नाही.

राहिली गाडी. खरी गाडी कापडासमोर उभी करणं शक्य नव्हतं, म्हणून बिस्किटांच्या डब्याची केली. पुठ्ठ्याची छपरी, लाल रंग, खिडक्यांत मासिकातली कापलेली तोंडं. निळ्या कापडावरून दोऱ्यानं ओढली आणि सांगलीला जाऊन आमच्या रस्त्यावर बसवली. गाडी आली. पण ती रस्त्यावरून येत नव्हती, रस्त्याच्या वरून येत होती. पतंगासारखी. शिवाय लाल रंग कॉपीच्या कॉपीत पसरून गाडीच्या मागं कुंकवाचा धूर सोडत होता.

"लाल रंग या व्हीएचएस कॅसेटला सोसत नाही, तो गडद कर, चॉकलेटीकडं ने," काका म्हणाले. "आणि सावली कुठं आहे? जमिनीवरच्या वस्तूला सावली असते. नाहीतर ती खोटी दिसते."

"ती खोटीच आहे."

"मग कशाला दाखवतेस?"

हा प्रश्न मला लागला. खोट्याविरुद्ध इतकं लिहून मी स्वतः डब्याची गाडी लोकांना दाखवणार होते. परतीच्या पॅसेंजरमध्ये विचार केला आणि ठरवलं: गाडी आली की तिच्याखाली मोठ्या अक्षरात 'ही खोटी आहे' असं लिहायचं. मग 'खरी पाठवा'. दोन वाक्यं. तेवढी उभी राहतील. पण खोटीसुद्धा नीट करायची. कारण भोंगळ दाखवली तर लोक म्हणतील, या पोरींना गाडी कशी असते तेही ठाऊक नाही.

सावलीचा प्रश्न मामांनी सोडवला. मी त्यांना अडचण सांगितली: रस्त्याच्या चित्रातच जमिनीवर काळं काहीतरी सरकायला पाहिजे, गाडीच्या वेगानं, म्हणजे वर गाडी बसवली की ती तिची सावली वाटेल. ते आत गेले आणि काळं घोंगडं घेऊन आले. त्याला लांब दोरी बांधली. कॅमेऱ्याच्या मागं रस्ता वळतो तिथं उसाच्या आड दोरी धरून उभे राहिले आणि मी हात केला की संथ, एका लयीत मागं सरकत दोरी ओढू लागले. घोंगडं डांबरावरून सरकत गेलं. कॅमेऱ्यात मामा नाहीत, दोरी धुळीत हरवलेली. नुसती सावली येतेय, मालकाशिवाय.

पहिल्यांदा कुत्रं घोंगड्यावर बसलं. दुसऱ्यांदा उसाचा ट्रॅक्टर आला आणि ड्रायव्हरनं तो थांबवून विचारलं, "मामा, काय हारावलं का?"

"न्हाई."

"मग घोंगडं कशापायी फिरवताय?"

"गाडी आनतुया गावात," मामा म्हणाले. ड्रायव्हरनं आमच्याकडं पाहिलं आणि हळूच ट्रॅक्टर काढला. त्या संध्याकाळी गावभर झालं की मामांना ऊन लागलं.

तिसऱ्यांदा जमलं. सांगलीत डब्याची गाडी त्या काळ्या डागावर बसवली, आणि ती बसली. गाडीला वजन आलं. काका पुढं झुकले, मागं झाले, म्हणाले, "आता आली." त्यांच्याकडून मला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद.

केबलवर लागलं ते एका रविवारी. ओट्यावर तोच टीव्ही, समोर तीच वस्ती. मुली पडद्यावर बसल्या होत्या. एक नाहीशी झाली आणि लोक हसले. दुसरी झाली, हसले. तिसऱ्या-चौथ्यानंतर हसणं कमी कमी होत गेलं. शेवटी आतेबहीण एकटी उरली. ती वहीतून मान वर करून सरळ बघते आणि चादर पडते. फळा. मग एकच शब्द, 'गाडी', तो उभा राहतो, आणि मग रस्ता. गाडी येताना पाहून मागून कोणीतरी म्हणालं, "आरं, ही कवा सुरू झाली?" मग ती दोन वाक्यं आली. मामा मान वळवून सगळ्यांना सांगत होते, "सावली बगा. सावली बगा."

गंमत आमच्या वस्तीपुरती राहिली नाही. त्या रस्त्यावरच्या सगळ्या गावांत तोच केबलवाला. पुढच्या बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावचे, ऊसवाले, कधी आमच्या ओट्यावर न आलेले दोन बाप संघटनेच्या खोलीत आले. "आमच्या पोरीबी घरी बसल्यात. तुमी डेपोत जानार आसाल तर आमाला सांगा." आधीच्या पत्रकांत मी ऊसवाल्यांवर काय काय लिहिलं होतं ते त्यांनी वाचलेलं नव्हतं. पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.

डेपोत घोषणा द्यायच्या नाहीत असं आतेबहिणीनं ठरवलं. मला ते जड गेलं, पण ऐकलं. तीन-चार गावच्या मुली आवारातल्या बाकांवर ओळीनं बसल्या आणि त्यांच्यावर त्याच निळ्या झालरी. मामांनी घड्या मोडून स्वतः पांघरल्या. ऊसवाल्यांच्या मुलींवरही. बाप बाजूला उभे राहिले. स्टँडवरचे प्रवासी जमा झाले. साहेब बाहेर आले.

"काय चाललंय? या कापडाखाली कोण आहे?"

कापडाखालून आतेबहिणीचा आवाज आला. "कोन न्हाई, साहेब."

"कोण नाही म्हणजे?"

"त्या रूटवर प्रवासीच न्हाईत. तुमीच म्हनला."

स्टँड हसलं. साहेबांनी हसू आवरायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. म्हणाले, "केबलवर ती फिल्म तुमचीच का? आमच्या घरात दोन दिवस तोच विषय आहे. माझी मुलगी विचारते, पप्पा, ती खोटी का आहे." मग ते कापडाजवळ गेले, एक टोक उचललं, आत किती जणी आहेत ते पाहिलं, आणि पुढच्या कापडाचंही उचललं. तिथंच कबूल केलं: जूनपासून सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी, प्रायोगिक तत्त्वावर. 'प्रायोगिक तत्त्वावर' या शब्दावर मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्यानं माझा दंड धरला. "येऊ दे की आधी. मग भांड."

पहिल्या दिवशी थांब्यावर सगळं गाव होतं. आतेबहीण नव्या वह्या घेऊन, शनिवारचा पांढरा ड्रेस घालून. नवा गणवेश अजून शिवून यायचा होता. वळणावर उसाच्या शेंड्यांवरून आधी टप दिसला, मग गाडी. लाल रंग पसरला नाही, जागच्या जागी राहिला. खडखडाट आमच्या फिल्ममध्ये नव्हता, आणि मला तो कमी पडल्याचं तिथंच कळलं. कंडक्टरनं दार उघडलं. मुली चढल्या. आतेबहिणीनं खिडकीची जागा धरली, काच वर सारली आणि बापाकडं बघून म्हणाली, "येते, पप्पा. उसातनं न्हाई, उसाच्या वरनं."

मामांनी मान हलवली. तिच्याकडं बघत नव्हते. गाडी हलली तसे ते वाकून चाकांच्या मध्ये, डांबराकडं बघत होते. गाडी वळणाआड गेल्यावर सरळ झाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"सावली बराबर हाय," ते म्हणाले. "पर माझ्यापरीस जरा फास्ट वढली."